दादा, तुमच्या त्या चौदा सेंटसाठी

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं ‘दादा’. आभार मात्र चारचौघांतच मानणार. आईची भूपातली बंदिश घरच्या घरी रेकॉर्ड झाली, आणि ऐकण्यासारखी झाली ती तुमच्यामुळे.

लेटन्सीचं, म्हणजे गायलेलं कानात उशिरा पोचण्याचं, तुम्ही फोनवरच निस्तरलंत. गाताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 वर, मिक्सिंगला 1024 वर, आणि आईला तिचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवून नव्हे, माइक जोडतो त्या इंटरफेसमधूनच थेट ऐकवा. तिची ‘माझ्या मागून कोण गातंय?’ ही कुरकुर तिथेच थांबली. खरं सांगू का, एवढं मला कुणीही सांगितलं असतं. पुढचं नसतं सांगितलं.

आमचा तंबोरा मिरजेचा, घरच्या जुन्या पेटीवर लावलेला. पेटी काळी चार, पण कीबोर्ड ज्यावर लावतात त्या 440 हर्ट्झच्या मापापेक्षा किंचित चढी. त्यावर कीबोर्डवरून वाजवलेली, कॉम्प्युटरमधली मिडी व्हायोलिन्स धरली की सगळंच बेसूर. तंबोऱ्याचा ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये थोडा उतरवू का, असं विचारल्यावर तुम्ही जवळजवळ ओरडलात. ‘जवारी मारून टाकशील!’ जवारी म्हणजे तारेचा तो गुंजारव. मग शांतपणे समजावलंत: मिडीत आवाज नसतोच. कुठली पट्टी, कधी दाबली, 0 ते 127 मध्ये किती जोरात, कधी सोडली, एवढंच टिपण. ते हवं तेवढं हलव, त्याला काही दुखत नाही. तंबोऱ्याचा मात्र खरा नाद टिपलाय, त्याला हात लावायचा नाही. तेव्हा व्हायोलिन्स चढवली, तंबोरा होता तिथेच राहिला.

तरी गंधार टोचत होता. तो आईनेच पकडला. ‘हा ग माझा नाही,’ म्हणाली. मी दुर्लक्ष केलं असतं, तुम्ही केलं नाहीत. तंबोऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप उमटतो, तो षड्जापासून 386 सेंटवर. कीबोर्डचा गंधार 400 वर. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग, पण लांबवलेल्या सुरात चौदा सेंट चांगलेच ऐकू येतात. पेटीचे सूरही कीबोर्डसारखेच ठरीव; ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली, त्यामागे हाही वाद होता. बंदी मला आजही पटत नाही, पण तक्रार कानाला कळली.

आणि उपाय! पिच बेंड (सूर किंचित वर-खाली ओढायची मिडीतली सोय) अख्ख्या चॅनलला, म्हणजे त्यावरच्या सगळ्या सुरांना लागतो, म्हणजे सा-ग-प एकत्र ठेवले तर तिन्ही घसरणार. म्हणून गंधार वेगळ्या चॅनलवर काढायला लावलात आणि तेवढाच खाली ओढायला सांगितलात. पिच बेंडची रेंज दोन अर्धस्वरांची असेल, तर चौदा सेंटसाठी आकडा वजा 573. आकडा कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवलाय. येणारे-जाणारे लॉटरीचा नंबर समजतात.

दिवसभर दुसऱ्यांची गाणी मिक्स करून झाल्यावर रात्री तुम्ही आमची फाईल उघडत होतात. फीचा विषय काढला की ‘आईंना नमस्कार सांग’ म्हणून फोन ठेवायचात. नमस्कार पोचला. तिला तुम्हाला जेवायला बोलवायचंय, आणि नाही म्हणायची सोय तिने ठेवलेली नाही.

आता ती मारव्यातलं काहीतरी गुणगुणतेय. त्या कोमल रिषभाचं काय करायचं, ते विचारायला फोन करणार आहे. रविवारी केला तर चालेल ना?

आपली,
मिरजेची धाकटी बहीण