आपल्या दिशेचे नाव मिरवणारे बंदर

लोरियाँ, ब्रिटनी
२६ सप्टेंबर

प्रिय मित्र अनंत यास,
सप्रेम नमस्कार.

मुलीकडे पॅरिसला आलो आहे, हे तुला ठाऊक आहेच. तिला नोकरीतून सवड नव्हती आणि मला घरात बसवत नव्हते, म्हणून चार दिवस एकट्यानेच समुद्र पाहून यावा असे ठरवले. कोणता समुद्र, एवढाच प्रश्न होता. नकाशावर फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये घुसलेल्या ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर 'लोरियाँ' हे नाव दिसले आणि मी तिथेच थांबलो. फ्रेंचमध्ये 'ओरियाँ' म्हणजे पूर्व, आणि हे नाव पूर्वी 'पूर्व' या अर्थाच्या त्या शब्दासारखेच तोडून लिहीत असत. युरोपच्या अगदी पश्चिम टोकाकडच्या बंदराला पूर्वेचे नाव, आणि ती पूर्व म्हणजे बहुतांशी आपणच. राजापुरात पिढीजात कापडाची पेढी चालवणाऱ्या मित्राला या गावाहून पत्र न लिहिणे मला बरे वाटेना.

पॅरिसहून वेगवान गाडीने सुमारे तीन तासांत येथे पोहोचता येते. स्थानकावरच्या पाटीवर फ्रेंच नावाखाली ब्रेतों भाषेतले 'आन ओरियांत' हे रूप लिहिलेले आहे. रस्त्यांवरच्या बऱ्याच पाट्याही अशाच दुभाषी आहेत. पण स्थानकाबाहेर आल्यावर मात्र, तुला खरे सांगतो, माझी निराशा झाली. मनात दगडी वाडे, अरुंद गल्ल्या आणि जुन्या वखारी होत्या. समोर सरळ रस्ते आणि सन १९५० नंतरच्या काँक्रीटच्या नीटनेटक्या, रूक्ष इमारती. त्याचे कारण पुढे येईलच. हॉटेलात सामान टाकले आणि बंदरातली प्रवासी बोट पकडून खाडीच्या तोंडावर असलेल्या पोर-लुई या गावी गेलो. तिथे बससारखेच तिकीट काढून बोटीत बसता येते, आणि आपल्या जेट्टीवरच्या लाँचप्रमाणे भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आणि शाळेची मुले त्या बोटीतून ये-जा करतात.

येथे स्कोर्फ आणि ब्लाव्हे या दोन नद्या एका विस्तीर्ण खाडीत मिळतात आणि ती खाडी एका चिंचोळ्या तोंडाने समुद्राला भिडते. त्या तोंडावर पोर-लुईचा किल्ला उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश लोकांनी तो बांधायला घेतला आणि तेराव्या लुईच्या काळात फ्रेंचांनी पुरा केला. (मॉरिशसच्या राजधानीचे नावही हेच आहे, पण तो लुई पंधरावा.) तटावरून पाहिले की पाण्याच्या वाटेवर पहारा कसा बसवावा हे एका नजरेत कळते. जयगडच्या खाडीवर उभे राहून आपण हेच बोलत होतो, ते तुला आठवत असेल.

या किल्ल्यातच फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे संग्रहालय आहे आणि माझा पहिला दिवस सगळा तिथेच गेला. हकीकत थोडक्यात अशी. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६४ मध्ये ही कंपनी स्थापन केली. तिला मोठी जहाजे बांधायला जागा हवी होती आणि पोर-लुईत ती पुरेशी नव्हती, म्हणून १६६६ मध्ये राजाने खाडीच्या आतल्या अंगाला, स्कोर्फच्या काठावरची माळजमीन तिला दिली. तिथल्या गोदीत हजार टनांचे 'सोलेय दोरियाँ', म्हणजे 'पूर्वेचा सूर्य', हे जहाज बांधले गेले. कामगार आणि खलाशी त्याला नुसते 'लोरियाँ' म्हणत. पुढे जागेलाही तेच नाव पडले, मग त्या जागेभोवती वाढलेल्या गावाला. जहाजाचे स्वतःचे नशीब मात्र तितके थोर नव्हते. सयामच्या राजाचे वकील आणि नजराणे घेऊन फ्रान्सकडे निघालेले ते जहाज १६८१ मध्ये समुद्रात नाहीसे झाले आणि त्याचा पत्ता कधीच लागला नाही. ज्याच्यावरून गावाला नाव पडले ते बुडाले आणि गाव राहिले.

कंपनीने १६६८ मध्ये सुरतेला वखार घातली. राजापुरातही इंग्रजांप्रमाणे फ्रेंचांची वखार होती, हे तुला मी सांगायला नको. महाराजांनी १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली, तेव्हा फ्रेंचांनी नजराणे देऊन आपली वखार वाचवली होती. सुरतेतल्या त्या वखारीमागची कंपनी आपली जहाजे याच खाडीत बांधीत होती, हे तटावर उभे असताना लक्षात आले आणि इतकी वर्षे नुसती वाचलेली गोष्ट एकदम हाताला लागल्यासारखी झाली.

पण तुझ्यासाठी खरा खजिना आहे तो कापडाच्या दालनात. कोरोमंडल, म्हणजे आपल्या दक्षिणेकडच्या पूर्व किनाऱ्यावरची हाताने रंगवलेली सुती वस्त्रे तिथे मंद प्रकाशात ठेवली आहेत. सुमारे अडीचशे वर्षे उलटली, तरी मंजिष्ठी लाल आणि निळीचा निळा इतका ताजा की आजोबांनी गठ्ठा आत्ताच सोडला असावा, असे वाटते. आपण ज्याला चीट म्हणतो, त्या जातीच्या कापडाला फ्रेंच लोक सरळ 'आंदिएन', म्हणजे 'हिंदुस्थानी', म्हणत. त्याचे वेड इतके वाढले की रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी ओरड केली आणि १६८६ मध्ये राजाने छापील सुती कापड बनवण्यावर, विकण्यावर आणि वापरण्यावरही बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. गंमत अशी की कंपनीला मात्र ते कापड आणून लोरियाँत लिलावाने विकण्याची मुभा होती. अट एवढीच, की घेणाऱ्याने ते देशाबाहेर न्यावे. आता बाहेर नेलेले कापड रात्री दुसऱ्या वाटेने आत यायला कितीसा वेळ लागणार? जकातदारांचे तांडे किनारा धुंडाळत राहिले आणि बायका बंदीचे कापड नेसत राहिल्या.

बंदीपेक्षाही फ्रेंचांना सतावत होते ते रंगाचे गुपित. त्यांचे रंगारी सुतावर रंग चढवीत, पण धुण्यात तो उतरे. अखेर केर्दू नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने १७४२ मध्ये कोरोमंडलवरून सविस्तर पत्र लिहून आपल्या रंगाऱ्यांची कृती कळवली: कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवायचे, वाळवायचे, मग तुरटीने रेखायचे आणि त्यानंतरच रंगाच्या कढईत घालायचे. तुरटी लागली असेल तिथेच लाल रंग घट्ट बसतो. (हाच पाद्री पुढे संस्कृत आणि लॅटिन शब्दांचे साम्य दाखवणाऱ्या आरंभीच्या लोकांपैकी एक ठरला.) अनंता, ज्यांच्याकडून त्याने हे ऐकले त्या रंगाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला माहीत नाही. पाद्र्याचे पत्र राहिले, जहाजांची नावे राहिली, कप्तानांची चित्रे राहिली. कापड ज्यांच्या हातचे, ते मात्र 'हिंदुस्थानी' या एका शब्दात विरघळून गेले. त्या काचेपुढे मी बराच वेळ उभा होतो आणि मला थोडा रागही आला, हे कबूल करतो.

त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. मालदीवच्या कवड्या हिंदी महासागरातून पोती भरभरून इकडे येत. लोरियाँतून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात, कारण तिथे कवडी हे चलन होते, आणि त्या कवड्यांनी, तसेच पाँडिचेरीच्या निळ्या 'गिनी' कापडाने, माणसे विकत घेतली जात. कंपनी स्वतः हा व्यापार करीत होती. 'कवडीमोल' हा शब्द आपण किती सहज वापरतो! मी आता तो काही दिवस तरी वापरणार नाही.

लोरियाँ वाचले कसे, याची एक हकीकत तुला आवडेल. ऑक्टोबर १७४६ मध्ये कंपनीचे बंदर नष्ट करण्यासाठी इंग्रजांनी येथे फौज उतरवली. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम त्या स्वारीत सेनापतीचा चिटणीस म्हणून आला होता. गावकरी शरण जायला तयार झाले, आणि नेमके त्याच वेळी पावसाने, आजाराने आणि दारूगोळ्याच्या टंचाईने कंटाळलेले इंग्रज वेढा उठवून निघून गेले. शरणागती स्वीकारायलाच कोणी उरले नाही. याच सुमारास, सप्टेंबरमध्ये, इकडच्याच सें-मालो गावचा फ्रेंच आरमारी सेनानी ला बुर्दोने मद्रास जिंकून बसला होता.

पुढच्या वेळी असे दैव आड आले नाही. १९४० मध्ये जर्मनांनी गाव घेतले आणि केरोमान या भागात पाणबुड्यांसाठी प्रचंड काँक्रीटची कोठारे बांधली. काल मी ती पाहिली. एकाचे छत सात मीटरांहून जाड आहे. दुसऱ्या दोहोंत पाणबुडी पाण्यातून उताराने वर ओढून, रुळांवरून सरकवून, कोरड्या खणात ठेवण्याची सोय होती. दोस्तांच्या बाँबनी ते छत फुटेना, तेव्हा भोवतालचे गावच नष्ट करून तळाची रसद तोडावी असे त्यांनी ठरवले. जानेवारी आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये कंपनीच्या काळापासूनचे लोरियाँ जवळजवळ सगळे जळून गेले. कोठारे जशीच्या तशी उभी राहिली. तिथल्या जर्मन फौजेने तर युरोपातले युद्ध संपल्यावर, १० मे १९४५ रोजी, शस्त्रे ठेवली. ही कोठारे पाडणे बांधण्याइतकेच अवघड, म्हणून फ्रेंच नौदलाने ती १९९७ पर्यंत वापरली. आज त्यांच्या सावलीत शर्यतीच्या शिडाच्या नौका डागडुजीसाठी येतात. आल्या दिवशी स्थानकाबाहेर ज्या इमारतींना मी रूक्ष म्हटले, त्यांच्याबद्दल मग मला काही बोलवेना.

आता थोडे समुद्राविषयी. विषुवदिनानंतरचे उधाण असल्याने पाणी खूप लांब ओसरले होते. पोर-लुईच्या मागे गाव्रचा 'छोटा समुद्र' म्हणतात ते उथळ खाजण आहे. (या जिल्ह्याचे मॉर्बियाँ हे नावही ब्रेतोंमध्ये 'छोटा समुद्र' असेच आहे, 'मॉर' म्हणजे समुद्र.) दुपारच्या आधी तिथे गुडघाभर रबरी बूट घातलेली माणसे, आजोबा-नातवंडांसकट, वाळू खरवडून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) गोळा करीत होती. हातात बादली, खुरपे आणि शिंपल्याचे माप घ्यायची एक पट्टी. मापाहून लहान शिंपली पुन्हा वाळूत टाकायची, असा नियम आहे. एका म्हाताऱ्या बाईंनी माझी उत्सुकता पाहून खुरपे माझ्या हातात दिले. वाळूवरची दोन बारीक भोके पाहून मी खणले आणि पहिल्याच फटक्याला तिसरी निघाली, तेव्हा त्या चकित झाल्या. भाट्याच्या खाजणातले आपले शिक्षण वाया गेले नाही.

काल सकाळी बोटीने पाऊण तासात ग्रुआ बेटावर गेलो. एके काळी फ्रान्समधले टूना मासेमारीचे सर्वांत मोठे बंदर हे होते, म्हणून तिथल्या चर्चच्या शिखरावर वारा दाखवायला कोंबड्याऐवजी टूना मासा बसवला आहे. भाड्याची सायकल घेऊन फिरताना तीन वेळा पाऊस आला आणि तीन वेळा ऊन पडले. बेटावरची एक पुळण आत वळण्याऐवजी समुद्रात पोट काढून बसली आहे, आणि प्रवाहांमुळे ती हळूहळू जागाही बदलते. काही ठिकाणची वाळू तांबूस दिसते, कारण तिच्यात गार्नेटचे कण आहेत. तुला पाठवावा म्हणून एक निळसर खडा खिशात टाकला होता. पण दगड नेण्यास मनाई असल्याची पाटी दिसली आणि तो जागेवर ठेवून दिला.

जेवणाचे हाल होतील, अशी तुझ्या वहिनींची भीती खोटी ठरली. येथे 'काळा गहू' म्हणतात त्या पिठाचे (तो गहू नव्हे, कुट्टू) मोठे पातळ घावन मिळतात, त्यांना खारे लोणी सढळ हाताने लावतात, आणि सोबत सफरचंदाची हलकी मदिरा वाडग्यातून देतात. काल संध्याकाळी एका पटांगणात ब्रेतों वाद्यवृंदाची तालीम चालली होती. त्यातले 'बोंबार्द' हे वाद्य आपल्या सनईसारखेच दुहेरी पातीचे आहे आणि नावाला जागणारे आहे.

एक काम सांगतो. माळ्यावरच्या पेटीत आजोबांची जुनी खातेवही आहे ना? तिच्यात कापडांच्या नावांत 'सालेमपुरी', 'गिनी', 'पर्काल' यांपैकी काही सापडते का, ते सवडीने पाहा आणि सापडले तर त्या पानाचा फोटो काढून ठेव. दिवाळीपूर्वी मी परत येतो आहे. तेव्हा पेढीच्या गादीवर बसून आपण ती वही पहिल्या पानापासून वाचू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
श्रीधर