गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर नडगीवर येणारी गाठ

महोदय,

कबड्डी-खो-खो खेळताना गुडघ्याचे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) तुटून दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून घेतलेले बरेच तरुण सोलापुरात आहेत. माझा मुलगा त्यांपैकीच एक. शस्त्रक्रियेनंतर 6 वर्षे गुडघा उत्तम होता, म्हणून मागच्या वर्षी गुडघ्याखाली चार बोटांवर, जुन्या टाक्यांच्या व्रणाशी, बोराएवढी गाठ आली तेव्हा कुणालाच त्या शस्त्रक्रियेची आठवण झाली नाही. ती चरबीची गाठ समजून आम्ही दोन महिने गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने शेकत राहिलो. पूजेला गुडघा टेकताना तो कळवळला, तेव्हा कुठे एमआरआय झाला. नडगीच्या हाडात द्रवाने भरलेली पोकळी निघाली.

या शस्त्रक्रियेत बहुधा मांडीमागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) घेऊन ती तुटलेल्या लिगामेंटच्या जागी हाडात पाडलेल्या बोगद्यांतून ओवतात आणि अनेकदा स्क्रूने पक्की करतात. स्क्रू धातूचा असतो किंवा हळूहळू विरघळणारा. विरघळणाऱ्या स्क्रूच्या जागी नवे हाड भरेलच असे नाही. काहींना त्याच्या अवशेषांमुळे दाह होतो, तर काहींचा बोगदा नीट न बुजल्याने सांध्यातले वंगण त्यातून झिरपते, आणि अशी पोकळी तयार होऊन बोगद्याच्या तोंडाशी गाठ दिसू लागते. हे क्वचित घडते, हे मला मान्य आहे. पण ते कित्येकदा काही वर्षांनी घडते, म्हणजे रुग्णाचे दवाखान्यात जाणे केव्हाच थांबलेले असते. मुलाची पोकळी खरवडून त्यात कमरेच्या हाडाचा चुरा भरावा लागला. सुदैवाने लिगामेंट शाबूत होते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी विचारले, "आधी कोणता स्क्रू घातला होता?" जुने डिस्चार्ज कार्ड मी उलटसुलट पाहिले. त्यावर 'स्क्रू' एवढाच शब्द होता. स्क्रूच्या वेष्टनावर त्याचा प्रकार, माप आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर असते. त्याची एक प्रत रुग्णाच्या कार्डावर चिकटवावी आणि 'व्रणाशी गाठ आल्यास, कितीही वर्षांनी असो, एक्स-रे काढून घ्यावा' ही ओळ मराठीत लिहावी, अशी शहरातील अस्थिरोगतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांना अशी गाठ आली असेल त्यांनी ती शेकू, चोळू किंवा फोडू नये. जुनी कागदपत्रे घेऊन थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

आपला,
एक पालक, सोलापूर