मेगापिक्सेलचे कौतुक पुरे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला, मेगापिक्सेलचे (चित्रातले दहा लाख ठिपके, म्हणजे पिक्सेल, मिळून एक मेगापिक्सेल) गोडवे गाणारा डिजिटल कॅमेऱ्यांवरचा अर्धपानी लेख वाचला. लेखकमहाशय १९७५ सालच्या कोडॅकमधून (त्या कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांचा तो ०.०१ मेगापिक्सेलचा कॅमेरा, एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद) जे उडाले ते थेट २०० मेगापिक्सेलच्या मोबाइलवर उतरले. त्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा शेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो हाती येतो, हे सांगायला जागा पुरली नसावी. उजेड टिपणारा सेन्सर केवढा, भिंग कसले, याबद्दल तर अवाक्षर नाही.

हे वेड कुठवर पोचले आहे ते ऐका. सौ. पडली, मनगट सुजले. एक्स-रे काढला. काढणाऱ्याने काय पाठवावे? संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही व्हॉट्सॲपवर! मधोमध ट्यूबलाइटची पांढरी पट्टी. डॉक्टरांनी दोन बोटांनी मोठा केला, तर हाडाच्या कडेला नुसते चौकोन. फाइल लहान करताना जेपीईजी ही फोटो साठवायची पद्धत चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे पाडून बारकावे गाळते, त्याचा हा प्रसाद. बारीक तडा असला तरी दिसणार कसा? एक्स-रेच्या मूळ डायकॉम (वैद्यकीय चित्रांसाठीच्या) फाइलमध्ये करड्या रंगाच्या साधारण ४०९६ छटा असतात. डॉक्टर उजेड कमीजास्त करून हाड वेगळे, मांस वेगळे पाहतात. जेपीईजीत उरतात २५६, त्याही कुणीतरी आधीच ठरवलेल्या.

मूळ फाइल मागायला गेलो, तर काउंटरवरचे चिरंजीव म्हणतात, “काका, फोटो तोच आहे. माझा मोबाइल १०८ मेगापिक्सेलचा आहे!” घ्या. तुमच्या लेखाचा आदर्श वाचकच की हो! बरीच हुज्जत घातल्यावर सीडी मिळाली, आणि तडा तीत स्पष्ट दिसला.

तेव्हा पुढचा लेख छापाल तेव्हा एक्स-रे, सीटी स्कॅनची मूळ फाइल मागून घ्या, एवढी एक ओळ तरी टाका. त्यातून वाचकांचे अधिक भले होईल.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या अंकात वाचकांनी पाठवलेले फोटो चौकटीत बसवण्यासाठी आडवे ताणले जातात. गेल्या खेपेला बक्षीस मिळालेल्या मुलांची तोंडे पाट्यासारखी रुंद झाली होती. फोटो कातरा, पण ताणू नका. त्याला तर एक मेगापिक्सेलही जास्त लागत नाही.

कळावे,
एक नियमित (अजून तरी) वाचक