साहेब बसतो कुठे?

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर म्हणालास, नौदलाच्या पश्चिमी ताफ्याच्या फ्लीट कमांडरांचा फ्लॅग लेफ्टनंट, म्हणजे साहेबांच्या सोबत राहणारा मदतनीस अधिकारी, म्हणून नेमणूक झाली. मी नुसतं 'बरं' म्हणून फोन तुझ्या मायकडे दिला. आबांना आनंद झालेला दिसत नाही, असं तू तिला बोललास म्हणे. झाला रे! सोमवारी चोपड्याहून पेढे आणून गल्लीत वाटले. पण डोक्यात एकच किडा शिरला होता. हा साहेब बसतो कुठे? मुंबईच्या ऑफिसात की जहाजावर?

सध्या लाइट रात्रीची असते. केळीच्या कांदेबागेला पाणी भरताना मोटारीजवळ बसून राहावंच लागतं, तेव्हा मोबाइलवर वाचत गेलो. देश १९४७ साली मोकळा झाला, पण ताफ्यावर आपला माणूस यायला १९५६ उजाडलं. तोवर गोरे साहेबच. पहिले आपले रिअर अ‍ॅडमिरल कटारी. दोनच वर्षांत ते पहिले भारतीय नौदलप्रमुखही झाले. तेव्हा ताफा एकच होता. १९६१ ला गोव्याच्या कारवाईत त्यावर भास्कर सदाशिव सोमण होते, मराठी माणूस! पुढच्याच वर्षी तेही प्रमुख. हे सांगायला मी घरी येऊन तुझ्या मायला उठवलं, तर तिनं घड्याळाकडे बोट केलं. १९६८ साली त्याच ताफ्याचा पश्चिमी ताफा झाला. पूर्वेचा ताफा उभा राहिला तो १ नोव्हेंबर १९७१ ला, लढाईला महिना राहिलेला असताना.

आणि तिथंच मला उत्तर मिळालं. त्या लढाईत ताफ्याच्याही वर असलेल्या पश्चिम नौदल कमांडचे मोठे साहेब, व्हाइस अ‍ॅडमिरल कोहली, मुंबईत होते. ताफ्याचे रिअर अ‍ॅडमिरल कुरुविला मात्र 'म्हैसूर' जहाजावर, भर समुद्रात. म्हणजे तुझा साहेब किनाऱ्यावरचा नाही. त्याचा झेंडा ज्या जहाजावर, तिथं तो. आणि तो जिथं, तिथं तू.

आता तुला दोन गोष्टी सांगतो. साहेबांच्या आधी उठायचं. वही-पेन खिशात असू दे. त्यांच्याकडे कोण आलं, काय बोललं, हे मित्रांतसुद्धा काढायचं नाही. मोठ्या माणसाच्या सावलीत राहिलं की आपणही मोठे झालो असं वाटायला लागतं, आपल्या साखर कारखान्यातले चेअरमनचे ड्रायव्हर पाहिलेत ना... जाऊ दे. हे तुला तिथं शिकवलं असेल. माझी जन्मभर केळीशी गाठ, मी कोण सांगणार! राग मानू नकोस.

त्याच लढाईत बुडालेल्या आपल्या 'खुकरी' जहाजाचं वाचायचं नाही असं ठरवलं होतं, तरी वाचलं. ९ डिसेंबरची रात्र. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्लांनी जहाज सोडलं नाही. त्यांना माझा हात जोडून नमस्कार. पण त्यातले अधिकारी तुझ्याच वयाचे असतील, हे मनातून जात नाही.

पोळ्याला तापीवर बैल धुवायला नेले होते, तू तिसरीत होतास. डोहात गेलास ते तुझ्या तात्यानं केस धरून बाहेर काढलं. मी काठावर उभा होतो. मला आजही पोहता येत नाही, आणि तू पुढच्याच उन्हाळ्यात त्याच डोहात पोहायला शिकलास, माझ्यापासून चोरून. मला सगळं माहीत होतं. रोज बांधावर उभा राहून बघायचो.

आजी तर एकच धरून बसलीय, "पानीना काय भरोसा?" मी तिच्यावर ओरडतो.

माय कळण्याचं पीठ अन् बिबड्या पाठवतेय. तुला जहाजावर कुठं भाकरी थापायला मिळणार, पण तिला कोण सांगेल? तात्या विचारतोय, समुद्रात गेल्यावर फोन लागतो का. त्याला काय सांगू, तेवढं कळव.

तुझा,
आबा