आधी टाइमटेबल, मग रूळ

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या पेपरात बुलेट ट्रेनच्या बातम्या येतात, ३२० चा स्पीड, ५०८ किलोमीटर, सगळं आवडीने वाचतो मी. पण गाडीतून उतरल्यावर माणूस पुढे घरी कसा जाणार हे कोणी लिहीतच नाही, आणि खरा प्रवास तिथेच अडतो.

माझी मुलगी स्वित्झर्लंडला असते, तिच्याकडे दोनदा जाणं झालं. झुरिकच्या मेन स्टेशनवर मी नुसता गाड्या बघत बसायचो. तास पुरा व्हायला थोडी मिनिटं राहिली की चहूकडून गाड्या येऊन लागतात, लोक ह्या गाडीतून उतरून त्या गाडीत बसतात आणि तास उलटला की एकेक करून सगळ्या सुटतात, अर्ध्या तासाने परत तेच. बर्नची, म्हणजे त्यांच्या राजधानीची, गाडी दर तासाला २ आणि ३२ मिनिटांनी, मग सकाळचे आठ असोत की दुपारचे तीन. जावई म्हणाले, बाबा इथे टाइमटेबल बघावं लागत नाही, पाठच होतं.

१९८२ पासून तिथे दर तासाची ठरलेली गाडी आहे. पुढे १९८७ ला लोकांनी मतदान करून रेल्वेची मोठी योजना पास केली. आता गंमत बघा, झुरिक ते बर्न तासाच्या आत व्हायला हवं होतं, कारण बर्नलाही तासाच्या ठोक्याला अशाच गाड्या जमतात, तासाच्या आत पोचलं तरच तिथे पुढच्या गाड्या मिळणार. म्हणून ४५ किलोमीटरची नवी लाइन टाकली, २००४ ला चालू झाली, स्पीड २०० आणि वेळ ५६ मिनिटं. बस्स. जमेल तेवढी नाही, लागेल तेवढीच जोरात, असं त्यांचं धोरणच आहे. म्हणजे टाइमटेबल आधी आखलं आणि मग ठरवलं रूळ कुठे टाकायचे!

कूर म्हणून डोंगरातलं गाव आहे, झुरिकहून सव्वा तास. तिथे ब्रॉडगेजसारख्या मोठ्या गाडीतून उतरलं की आरोसाची मीटरगेज गाडी स्टेशनच्या दारात, अगदी रस्त्यावरून निघते, आणि पिवळ्या पोस्टाच्या बसेसचा स्टँड तर प्लॅटफॉर्मच्या डोक्यावरच आहे. जिना चढला की बस. सामान घेऊन रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची पाळी येत नाही.

लोक म्हणतील तो देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढा पण नाही, त्यांना सोपंय. पण जर्मनी तर मोठा देश आहे ना, ते पण आता ह्याच पद्धतीने अख्ख्या देशाचं टाइमटेबल बसवायला घेतायत.

आमच्या गावाकडे संध्याकाळची पॅसेंजर यायच्या दहा मिनिटं आधी शेवटची बस सुटते, कित्येक वर्षं असंच चाललंय, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका अंधारात वडापची वाट बघत उभ्या राहतात. ह्याला ना नवा रूळ लागतो ना नवा पूल, बस वीस मिनिटं उशिरा सोडली की झालं.

तर माझी विनंती, आपण पेपरात गावोगावच्या स्टेशनांचा एक तक्ता छापा, शेवटची गाडी किती वाजता येते आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते. आमच्या तालुक्यातल्या स्टेशनांची माहिती मी ह्याच आठवड्यात स्वतः फिरून लिहून पाठवतो.

आपला एक जुना वाचक,
ठाणे