पिशवीत काय काय आहे

गुहागर,
श्रावण शुद्ध तृतीया

प्रिय विन्या,

पत्र मिळालं. गॅलरीत कोथिंबीर उगवेना म्हणून एवढा वैतागू नकोस. मी इथे अख्खा वाफा करून हरलोय. जूनमध्ये धणे पेरले, पुढे आठ दिवस पावसानं उसंत दिली नाही, सगळे कुजले. आई म्हणाली, "पावसात धणे पेरतात होय रे?" आता दिवाळीनंतर बघू. तूही तेव्हाच पेर, आणि धणे आधी लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी कर. आमच्या शेजारी चपलेखाली रगडतात. उगवतं तेही छान, पण आपण लाटणंच घेऊ.

भाच्याबरोबर एसटीनं पिशवी पाठवतोय. वरची हळदीची पानं त्याच दिवशी वापरा. परवा नागपंचमी, चिरणं-तळणं बंद, म्हणजे पातोळ्याच. तांदळाची पिठी भिजवून पानावर पातळ पसरायची, गूळखोबऱ्याचं चून घालायचं, पान दुमडून वाफवायचं. झाकण काढल्यावर जो वास येतो ना, तो वहिनींना घेऊ दे आधी. पातेल्यावर वाकून तू हक्क सांगू नकोस.

ओल्या फडक्यात गवती चहाचे दोन ठोंब आहेत. मोठ्या कुंडीत लाव. पातीला धार असते, कात्रीनंच काप. मी दरवर्षी बोट कापून घेतो आणि दरवर्षी आईचं ऐकून घेतो. पानओव्याच्या फांद्या नुसत्या खोचल्या की जगतात, फक्त कुंडीत पाणी साचू देऊ नकोस. इथे जांभ्यावर पाणी कितीही पडलं तरी निथळून जातं, तुझ्या कुंडीला मात्र बुडाशी भोक हवं. खोकल्याच्या काढ्याचं आईला विचार, माझा पानओव्याशी संबंध भज्यांपुरता.

पुदिना पाठवत नाही. मंडईतली जुडी आण, चार काड्या पेल्यात पाण्यात ठेव, मुळं फुटली की लाव. पण त्याला वेगळी कुंडी दे, नाहीतर सगळ्यांच्या उरावर बसेल. आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर लावला होता, आता अळूला जागा उरली नाही.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडत जा. आई देवाला म्हणून खुडते, त्यानं झाड आपोआप डेरेदार होतं.

पिशवी आईची आहे, भाच्याबरोबर परत पाठव. ती रोज विचारणार.

तुझा,
बाळू