कोच जिमी अलापाग, तुमच्यामुळे मी 'हो' म्हणाले

प्रिय कोच जिमी अलापाग यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहितेय आणि ते तुमच्या हाती पडण्याची शक्यता जवळपास नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते उघडपणे लिहायचं ठरवलं. तुम्ही फिलिपिन्सचे बास्केटबॉलपटू, राष्ट्रीय संघाचे कर्णधार आणि पुढे प्रशिक्षक. आभार तुमचेच मानायचेत, पण आमच्याकडे बास्केटबॉल खेळून थांबलेल्या पुष्कळ जणी आहेत. त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मी नागपूरची. उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे शाळेपासूनच पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी. विद्यापीठाच्या संघातून खेळले, लग्न झालं आणि २०११ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मनिलातल्या माकातीत राहायला आलो. तोवर मला वाटायचं की बास्केटबॉल म्हणजे अमेरिका आणि बाकीचे सगळे पाहुणे. तुमच्या देशाने महिन्याभरात माझा तो समज घालवला. आमच्या घरामागच्या गल्लीत विजेच्या खांबाला प्लायवूडचा बोर्ड ठोकून रिंग लावलेली होती. मुलं पायात स्लिपर घालून खेळायची, रिक्षा आली की बाजूला व्हायची, गेली की पुन्हा सुरू. जवळपास प्रत्येक बारांगायला, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डासारख्या वस्तीला, एक कोर्ट असतं, बऱ्याचदा छप्पर घातलेलं. तिथे सकाळी व्यायाम, दुपारी लसीकरण, कधी लग्नाची पंगत आणि संध्याकाळी सामने. १९७५ मध्ये आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग तुमच्या देशात का सुरू झाली, याचं उत्तर मला त्या गल्लीत मिळालं.

शेजारच्या पोरी मला 'आते' म्हणायच्या. तुमच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात, पण माझ्या कानाला ते आमच्या आत्यासारखं ऐकू यायचं आणि परक्या गावात घरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. त्याच पोरींनी मला तुमचं नाव सांगितलं. 'आते, तू कॅप्टनसारखी खेळतेस,' असं एकीने म्हटलं आणि मी घरी जाऊन तुमचे सामने शोधून पाहिले. पावणेसहा फुटांचा माणूस, त्या लीगच्या खेळाडू-निवडीत दहाव्या क्रमांकावर निवडला गेलेला, २००३ चा सर्वोत्तम नवोदित खेळाडू, टॉक एन टेक्स्ट संघाकडून सहा विजेतेपदं, २०११ चा सर्वोत्तम खेळाडू. पुढे २०१६ मध्ये तुम्ही अॅलन कायडिकचा १,२४२ थ्री-पॉइंटरचा, म्हणजे लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केटचा, विक्रमही मागे टाकलात. पण माझं लक्ष आकड्यांपेक्षा तुमच्या मानेकडे असायचं. चेंडू हातात असताना तुमची मान कधी खाली जायची नाही. मला माझ्या सरांनी दहा वर्षं तेच सांगितलं होतं.

१० ऑगस्ट २०१३ ची रात्र मी कधीच विसरणार नाही. पासायच्या मॉल ऑफ एशिया अरीनामध्ये आशियाई बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर दक्षिण कोरिया. आम्हाला तिकिटं मिळाली नव्हती, म्हणून कोपऱ्यावरच्या खानावळीत टीव्हीसमोर बसलो होतो. खानावळवाल्या काकूंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की कोरियाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. २००२ मध्ये बुसानच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत शेवटच्या क्षणाच्या थ्री-पॉइंटरने ६९–६८ असा हातचा सामना गेला होता. त्या रात्रीही तुमच्या संघातला मार्कस डाउथिट जखमी होऊन बाहेर बसला आणि खानावळीत सगळे गप्प झाले. मग चौथ्या सत्रात, सामना हातातून निसटायला लागला असताना, तुमचे ते थ्री-पॉइंटर. ८६–७९. काकू रडत होत्या, तिथे बसलेला एक पोलीस रडत होता, आणि नागपूरची मी 'पुसो, पुसो' म्हणून ओरडत होते. पुसो म्हणजे काळीज. अंतिम सामना इराणने जिंकला तरी जागतिक स्पर्धेचं दार ३६ वर्षांनी उघडलं होतं. पुढच्या वर्षी सेव्हियात सेनेगलला ८१–७९ असं हरवून तुम्ही त्या स्पर्धेतला ४० वर्षांनंतरचा पहिला विजय मिळवलात. तो सामनाही मी पाहिला.

आता मूळ गोष्टीकडे येते.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या गल्लीच्या लिगामध्ये, म्हणजे स्थानिक स्पर्धेत, खेळताना माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की चालाल, पळाल, पण आता स्पर्धेत उतरू नका. मी छत्तीस वर्षांची होते. लोक म्हणाले, या वयात तसंही थांबायचंच होतं. खरं असेल, पण थांबणं आणि थांबवलं जाणं यांत फरक असतो आणि तो रात्री फार जाणवतो.

ऑक्टोबरमध्ये पाय उशीवर ठेवून मी मेराल्को आणि हिनेब्रा या तुमच्या लीगमधल्या दोन संघांची अंतिम मालिका पाहिली. तुम्ही एकदा निवृत्त होऊन मेराल्कोसाठी परतला होतात. सहाव्या सामन्यात वेळ संपता संपता हिनेब्राच्या जस्टिन ब्राउनलीने तो थ्री-पॉइंटर टाकला आणि हिनेब्राचा विजेतेपदाचा आठ वर्षांचा दुष्काळ संपला. सारं अरानेता कोलिसियम नाचत होतं. मी मात्र तुमच्या बेंचकडे बघत होते. त्या मालिकेनंतर तुम्ही खेळणं थांबवलंत. मला तेव्हा वाटलं, आपलं दोघांचं एकाच महिन्यात संपलं.

तुमचं संपलं नव्हतं. २०१७ मध्ये तुम्ही राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांत बसलात आणि त्याच वर्षी आलाब पिलिपिनासचे मुख्य प्रशिक्षक झालात. आलाब म्हणजे ज्वाळा. आसियान लीगमध्ये खेळणारा हा संघ. त्यात रे पार्क्स ज्युनियर होता, रेनाल्डो बाल्कमन होता आणि परदेशी खेळाडू म्हणून जस्टिन ब्राउनली होता! ज्याच्या हातून तुमची शेवटची अंतिम मालिका गेली, त्याच हातात तुम्ही तुमच्या पहिल्या संघाचा चेंडू दिलात. मला ते वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मी माझ्या मनात अजून त्या मुलीचा राग धरून बसले होते, जिच्या धक्क्याने माझा गुडघा गेला. तिची त्यात काहीच चूक नव्हती. त्याच आठवड्यात मी तिला घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली होती, तिने चार खाल्ल्या.

२ मे २०१८. थायलंडच्या मोनो व्हँपायरविरुद्ध मालिका २–२, पाचवा सामना लागुना प्रांतातल्या सांता रोसात. यावेळी आम्ही तिकिटं काढली. चेंडू कुठे आहे याकडे माझं फारसं लक्षच नव्हतं. मी पूर्ण वेळ बेंचकडे बघत होते. तुम्हाला कोर्टच्या कडेची पांढरी रेघ ओलांडता येत नाही, हेच मला पाहायचं होतं. तुमच्या देशात रॉबर्ट जावोर्स्की नावाचं दैवत आहे. १९८५ पासून १९९८ पर्यंत त्यांनी हिनेब्राला शिकवलंही आणि स्वतः खेळलेही. पन्नाशीतही संघ अडचणीत आला की लोक त्यांच्या नावाचा गजर करायचे आणि ते स्वतः कोर्टवर उतरायचे. प्रशिक्षकाचा तो फार सुखाचा प्रकार आहे असं मला वाटतं. काही बिघडलं तर आपले हात आहेतच. तुमच्याकडे ती सोय नव्हती. ज्या जागेवरून तुम्ही हजार वेळा थ्री-पॉइंटर टाकलात, त्या जागेवर दुसरा उभा आणि तुम्ही रेघेच्या अलीकडे. आलाब जिंकला, मालिका ३–२. मी घरी परतताना गाडीत एक शब्द बोलले नाही. नवरा म्हणाला, 'काय ठरवलंस?' मी म्हटलं, 'अजून काही नाही.'

त्या जूनमध्ये आम्ही नागपूरला परतलो. २०१९ च्या उन्हाळी शिबिरानंतर एका क्लबकडून मला विचारणा झाली. मुलींच्या संघाला सहायक प्रशिक्षक हवी होती. मुख्य प्रशिक्षक जी होती, ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी कॅप्टन असताना ती राखीव खेळाडू होती, माझ्या पाण्याच्या बाटल्या भरायची. मी नकार लिहून ठेवला होता. अगदी सौजन्याने, घरच्या अडचणी वगैरे. तो पाठवायचा बाकी होता.

जुलैत बातमी वाचली की तुम्ही लास वेगसच्या समर लीगसाठी एनबीए या अमेरिकी लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जच्या सहायक प्रशिक्षकांत सामील झालात. मुख्य प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळवून जेमतेम वर्ष झालं होतं. मनिलात तुम्ही रस्त्यावरून चालू शकत नसाल, इतके लोक ओळखणारे. आणि तुम्ही अशा जागी गेलात जिथे तुमचा बायोडाटा विचारला जाईल, आणि तिथे सगळ्यांच्या मागे उभे राहिलात. मी तो नकार खोडला आणि 'हो, कधीपासून येऊ?' असं लिहून पाठवलं. या पत्राचं कारण तेवढंच आहे.

पुढचा तुमचा प्रवास मी लांबून बघत राहिले. २०२० मध्ये कुटुंबासह कॅलिफोर्नियाला, मग सॅक्रामेंटोच्याच दुय्यम संघात, स्टॉकटन किंग्जमध्ये, सहायक, जिथे एनबीएच्या उंबऱ्यावरची पोरं घडतात. २०२३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जच्या मुख्य संघात खेळाडूंच्या विकासाचे प्रशिक्षक. हे काम टीव्हीवर दिसत नाही. सरावाच्या आधी तासभर यायचं, एकाच खेळाडूला घेऊन त्याच्या पायांची ठेवण, मनगट, चेंडू सोडायची वेळ यांवर काम करायचं, त्याच्या चुकांची फीत त्याच्या शेजारी बसून बघायची आणि सामन्याच्या वेळी मागच्या खुर्चीत बसायचं.

मीही आमच्या पातळीवर तेच केलं, कोच. पहिलं वर्षभर मी चेंडूंत हवा भरली, सरावाचे शंकू मांडले, रिंगखाली उभं राहून मुलींचे चेंडू परत दिले आणि वहीत मोजले. कोणी पन्नासपैकी किती टाकले, डावीकडून किती, दमल्यावर किती. मे महिन्यात नागपूरला सकाळी साडेसातनंतर सिमेंटचं कोर्ट तापतं, म्हणून सव्वापाचला सुरुवात. मुख्य प्रशिक्षक मुलीने पहिल्या दिवशी मला 'ताई, तुम्हीच घ्या ना सराव' म्हटलं. मी म्हटलं, 'नाही मॅडम, तुम्ही सांगा.' ती लाजली, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी मोकळेपणाने वाद घालायला लागली आणि त्यातून आमचा डिफेन्स सुधारला. राखीव बाकावरच्या मुलीला काय दिसतं, हे मला कॅप्टन असताना कधीच कळलं नव्हतं. तिला ते सगळं माहीत होतं. मी तिच्याकडून शिकले.

तुम्ही मला प्रत्यक्ष काही शिकवलं नाहीत. माझं नाव तुम्हाला माहीत नाही. पण ज्या वळणावर मी घरी बसणार होते, तिथे तुम्ही आधी जाऊन उभे राहिला होतात आणि तिथून पुढे रस्ता आहे हे मला दिसलं. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. माकातीच्या गल्लीतल्या त्या पोरींचे, खानावळवाल्या काकूंचे आणि चार पुरणपोळ्या खाणाऱ्या माझ्या मैत्रिणीचेही.

एक सांगायचं राहिलं. आमच्या संघात तेरा वर्षांची एक पॉइंट गार्ड आहे, उंची चार फूट दहा. तिची मान खाली जायची. मी तिला मोबाइलवर तुमचा कोरियाविरुद्धचा सामना दाखवला. आता मंगळवारी आम्ही एक सराव घेतो. ड्रिबल करत यायचं आणि समोर उभी असलेली मी बोटांनी जो आकडा दाखवीन तो मोठ्याने सांगायचा. मुलींनी त्याचं नाव 'जिमी' ठेवलंय. परवा तिने ओळीने एकवीस आकडे बरोबर सांगितले.

आपली नम्र,
नागपूरची एक सहायक प्रशिक्षक